आधीचा आकडा

विहिरीतलं पाणी मोजायचं साधन अगदी साधं असतं. एका चकतीवर गुंडाळलेली चपटी वायर, तिच्यावर सेंटिमीटरच्या खुणा आणि टोकाला बोटाएवढं धातूचं वजन. वजन पाण्याला टेकलं की वर चकतीत बारीक शिट्टी वाजते. वायर जरा ओढली की थांबते, सोडली की पुन्हा वाजते. असं दोनतीनदा करून नेमका आकडा पकडायचा आणि वहीत उतरवायचा: तारीख, वेळ, कठड्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर. भूजलाच्या कामात वीस वर्षं गेली. ती शिट्टी मला झोपेतही ओळखू येईल.

एका विहिरीवर ती वाजलीच नाही. वायर जात राहिली, जात राहिली आणि मग हाताला ढिली लागली. वजन तळाच्या गाळावर जाऊन बसलं होतं. शेजारी उभे असलेले काका काही बोलले नाहीत. मी वायर गुंडाळून घेतली, वजनाला चिकटलेला चिखल पुसला, तेव्हा म्हणाले, "ताई, चौदा हातांवर पाणी असायचं. भर उन्हाळ्यात."

"कधीपर्यंत?"

"खाण सुरू झाली, त्याच्या दुसऱ्या सालापर्यंत."

शेताच्या पलीकडे खाणीतून काढलेल्या मातीचा ढीग दिसत होता. टेकडीएवढा, पण त्यावर गवताची काडी नव्हती. मी विचारलं, "काका, तेव्हाचं पाणी कुणी मोजून लिहून ठेवलंय का?" त्यांनी कोपरापासून बोटांपर्यंत स्वतःच्या हाताकडे बघितलं. "मोजलंय की. ह्या हातानं. दोराला गाठी मारलेल्या होत्या."

"दोर आहे?"

"पंप बसवला तेव्हाच गेला तो."

खाणवाल्यांचं म्हणणं होतं की सलग दोन वर्षं पाऊस कमी झाला आणि परिसरात बोअर वाढले. दोन्ही खरं होतं. खाणीच्या खड्ड्यातून रात्रंदिवस पाणी उपसलं जात होतं, हेही खरं होतं. विहीर कोरडी पडण्यात कुणाचा वाटा किती, हे सांगायचं तर खाणीच्या आधीच्या काही वर्षांचे आकडे लागतात. चांगल्या पावसानंतर पाणी किती चढायचं, वाईट वर्षी किती उतरायचं, शेजारच्या विहिरी तेव्हा काय करत होत्या. ते आकडे नव्हते. मी अहवालात लिहिलं, 'उपलब्ध माहितीवरून निश्चित निष्कर्ष काढता येत नाही.' शास्त्राच्या दृष्टीनं वाक्य बिनचूक होतं. सहा महिन्यांनी एका बैठकीत तेच वाक्य मोठ्यानं वाचून दाखवण्यात आलं, खाणीचा दोष नसल्याचा पुरावा म्हणून. मी उठून सांगितलं की 'ठरवता येत नाही' म्हणजे 'खाणीमुळे नाही' असं नव्हे. इतिवृत्तात माझं बोलणं आलं नाही. काका तिसऱ्या रांगेत बसले होते. बैठक संपल्यावर त्यांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं.

'खाणकाम आणि शेती यांचा समतोल' हे शब्द तेव्हापासून मला नुसते ऐकवत नाहीत. तोल साधायचा तर आधी तोलावं लागतं. एका पारड्यात टनांनी कोळसा, घनमीटरांनी वायू, कोटींनी महसूल असं सगळं मोजूनमापून ठेवलेलं असतं. खाण सुरू व्हायच्या कितीतरी आधी जमिनीत शेकडो भोकं पाडली जातात, प्रत्येक थराच्या दगडाचे नळकांडीसारखे तुकडे पेटीत क्रमानं लावले जातात, त्यांवर खोली रंगवली जाते. त्याच भोकांत पाणीही लागलेलं असतं. पण शोध कोळशाचा असतो, म्हणून पेटीवर कोळशाची जाडी लिहिली जाते आणि पाण्याची ओळ कोरी राहते. दुसऱ्या पारड्यात मग उरतं काय, तर "इथं पाणी चांगलं होतं हो." मोजलेल्यासमोर न मोजलेलं ठेवलं की काटा कुठं झुकणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

जमिनीखाली नेमकं काय होतं ते जरा सविस्तर सांगायला हवं, कारण बहुतेक भांडणं तिथल्याच अज्ञानावर चालतात. उघडी खाण भूजलाच्या पातळीखाली गेली की ती स्वतःच एक प्रचंड विहीर होते. आजूबाजूच्या दगडांतलं पाणी उताराकडे धावावं तसं खड्ड्याकडे येऊ लागतं. खड्डा कोरडा ठेवल्याशिवाय खोदता येत नाही, म्हणून पंप लागतात. उपसा चालू राहिला की खड्ड्याभोवती पाण्याची पातळी नरसाळ्यासारखी खचते. त्या नरसाळ्याचा काठ दरवर्षी थोडाथोडा बाहेर सरकतो आणि एक दिवस कुणाच्या तरी विहिरीखालून निघून जातो. कुठल्या दिशेला किती सरकेल हे दगडांवर अवलंबून असतं. एखादी चिकणमातीची पट्टी आडवी आली तर दोनशे मीटरवरची विहीर शाबूत राहते, आणि दगडात भेगांची सलग ओळ असली तर दोन किलोमीटरवरची आटते. म्हणून 'शेजारच्याची तर चांगली भरलेली आहे, मग तुझी कशी आटली' या युक्तिवादात काही दम नसतो. तो मी इतक्यांदा ऐकलाय की आता उत्तर देण्याआधी एक मोठा श्वास घेते.

कोळशाच्या थरातल्या वायूची गोष्ट याहून वेगळी आहे. मिथेन हा वायू कोळशाच्या अंगाला बारीक बारीक फटींमध्ये चिकटून बसलेला असतो आणि भोवतीच्या पाण्याचा दाब त्याला तिथं धरून ठेवतो. वायू सुटा करायचा तर तो दाब कमी करायचा, म्हणजेच पाणी काढून टाकायचं. उघड्या खाणीत पाणी उपसणं ही खोदकामाची अडचण असते. इथं पाणी उपसणं हीच पद्धत आहे. आधी पाणी येतं, मग हळूहळू पाणी कमी आणि वायू जास्त. हे पाणी बहुधा खारट असतं. ते शुद्ध करता येतं, पण मग मीठ उरतं आणि ते कुठं ठेवायचं हा प्रश्न उरतो.

हा खेळ जगात सर्वांत मोठ्या प्रमाणावर जिथं खेळला गेला त्यांतली एक जागा म्हणजे ऑस्ट्रेलियातलं क्वीन्सलँड. तिथल्या सुरत खोऱ्यात वायूच्या हजारो विहिरी आहेत. (नाव आपल्या ओळखीच्या सुरतेवरूनच पडलेलं आहे.) वर काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी माती, तिच्यात कापूस आणि धान्य, खाली ग्रेट आर्टेशियन बेसिन, म्हणजे सुमारे १७ लाख चौरस किलोमीटर पसरलेला भूजलाचा साठा, ऑस्ट्रेलियाच्या पाचव्या हिश्श्याहून मोठा. कोरड्या मुलखातली माणसं आणि गुरं शंभराहून जास्त वर्षं त्याच्यावर जगत आली. तिथला शेतकरी जमिनीचा मालक असतो, पण खालचा वायू सरकारचा. सरकारनं परवाना दिला की शेतकऱ्याला 'नको' म्हणायचा अधिकार नाही. कंपनीनं कसं वागायचं आणि भरपाई किती द्यायची, याचा करार तेवढा करायचा. हे मला कधीच पटलेलं नाही आणि तिथल्या अनेक शेतकऱ्यांनाही पटलं नाही. फाटकाला कुलूप लावायची मोहीमच त्यांनी चालवली.

पण त्याच क्वीन्सलँडनं एक काम असं केलं की माझ्यासारखीला हेवा वाटावा. उत्पादन सुरू व्हायच्या आधी परिसरातल्या बोअरची मूळ स्थिती कंपनीनं मोजायची, हे कायद्यात आलं. भूजलावरचा परिणाम किती होईल याचा अंदाज बांधायला कंपन्यांपासून वेगळं सरकारी कार्यालय नेमलं गेलं आणि ते सगळ्या कंपन्यांचा एकत्रित परिणाम धरून ठरावीक काळानं अहवाल काढतं. एकत्रित या शब्दाला मोठं वजन आहे. एकेका कंपनीचा हिशेब सुटा मांडला की प्रत्येकीचा वाटा नगण्य दिसतो आणि विहीर मात्र सगळ्यांच्या वाट्यांनी मिळून आटते. खडकातल्या बोअरची पातळी ५ मीटरहून आणि गाळाच्या थरातल्या बोअरची २ मीटरहून जास्त उतरेल असं दिसलं की तो बोअर धोक्यात धरायचा. येत्या तीन वर्षांत असं होणार असेल तर कंपनीनं शेतकऱ्याशी आत्ताच करार करायचा: बोअर खोल करून द्या, नवा पाडून द्या, दुसरीकडून पाणी आणा, नाहीतर पैसे द्या. विहीर आटायची वाट बघायची नाही.

आणि तरीही तिथं सगळं आलबेल नाही. पाणी आणि वायू निघाल्यावर जमीन किंचित बसते. काही सेंटिमीटर. घराच्या अंगणात ते कळणारही नाही. पण तिथल्या सपाट शेतांना लेझरनं उतार देऊन पाणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेलेलं असतं. मधे कुठं बशीसारखा खळगा पडला की पाणी साचतं आणि पीक कुजतं. शेतकरी हे कित्येक वर्षं ओरडून सांगत होते. २०२४ मध्ये जमीन बसण्याबाबत कायद्यात वेगळी तरतूद आली. वायू जहाजांत भरून परदेशी जायला लागला त्याला तेव्हा जवळपास दहा वर्षं झाली होती.

उशिराची याहून मोठी गोष्ट नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनची आहे. १९५९ मध्ये स्लोख्तरेन गावाजवळ एका शेतकऱ्याच्या जमिनीत वायू लागला. युरोपातला सर्वांत मोठा साठा. देशभर घराघरांत त्या वायूवर चुली आणि शेगड्या पेटल्या, सरकारला साडेतीनशे अब्ज युरोंहून अधिक मिळाले. १९८६ मध्ये आसेनजवळ भूकंप झाला. मेंट व्हान डर स्लाउस नावाचा भूगोलतज्ज्ञ सांगत होता की हे वायू काढल्यामुळे होतंय. त्याचं म्हणणं उडवून लावलं गेलं. १९९३ मध्ये संबंध मान्य झाला, पण धोका फारसा नाही असं म्हणत उपसा चालूच राहिला. १६ ऑगस्ट २०१२ ला हाउझिंगेला ३.६ तीव्रतेचा धक्का बसला. आकडा लहान वाटतो, पण हे भूकंप उथळ असतात, जमीन मऊ आणि घरं विटांची. हजारो घरांच्या भिंतींना तडे गेले. शेतघरांना टेकू लावून माणसं आत झोपू लागली. आणि भरपाई मागायला गेलं की प्रश्न तोच: हा तडा वायूमुळेच गेला हे सिद्ध करा. आधी नव्हता याचा पुरावा आणा.

ते वाचताना मला तिसऱ्या रांगेतले काका दिसत होते.

मग २०१६ च्या अखेरीस डच कायद्यात बदल झाला. त्या भागात पडझडीसारखं नुकसान झालं, तर ते वायूउपशामुळेच झालं असं धरून चालायचं; तसं नसेल तर ते कंपनीनं सिद्ध करायचं. पुराव्याचं ओझं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेलं. माझ्या मते या साऱ्या विषयात माणसानं केलेलं हे सर्वांत न्याय्य पाऊल आहे. ज्याच्याकडे यंत्रं आहेत, तज्ज्ञ आहेत, नफा आहे, त्यानं सिद्ध करावं. ज्याच्याकडे गाठी मारलेला दोर होता त्यानं नव्हे. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथल्या संसदीय चौकशीनं ग्रोनिंगनच्या लोकांचं हित वर्षानुवर्षं डावललं गेल्याचं स्पष्ट लिहिलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये उपसा थांबला आणि २०२४ मध्ये कायद्यानंच कायमचा बंद झाला. खाली अजून बराच वायू शिल्लक आहे.

पाण्यावर मी जास्त बोलते कारण तो माझा धंदा आहे. मातीवर बोलायचं तर एवढंच सांगेन की वरचा हातभर थर आणि खालचा दगड-मुरूम एकाच डंपरमध्ये गेला की शेत कायमचं गेलं. सुपीक मातीचा एक सेंटिमीटर थर तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. तिच्यात मुळं, बुरशी, गांडुळं, जिवाणू असतात. वर्षानुवर्षं ढीग करून ठेवली तर आतल्या आत गुदमरते. हे टाळता येतं. जर्मनीत कलोन आणि आखन या शहरांमधल्या लिग्नाइटच्या, म्हणजे तपकिरी कोळशाच्या, खाणींत वाऱ्यानं आणून टाकलेली लोएस माती वेगळी काढतात, खाण पुढं सरकली की मागच्या भरावावर तिचा दोन मीटर जाड थर देतात आणि पहिली तीन वर्षं लसूणघास लावतात, म्हणजे मुळं खोल जाऊन माती पुन्हा श्वास घ्यायला शिकते. त्यानंतर गहू आणि बीट. नव्या शेताची घडी बसायला तरीही वेळ लागतोच. आणि तिथंही गावं उठलीच, ती परत आली नाहीत. जानेवारी २०२३ मध्ये ल्युत्सेराथ नावाचं खेडं पोलिसांनी रिकामं केलं ते चित्र अनेकांनी पाहिलं असेल. माती परत आणता येते, गाव येत नाही.

एवढं लिहिल्यावर कुणी मला खाणींची शत्रू समजेल, पण मी तशी नाही. जिच्या बाजूनं मी भांडते ती शेतीच खाणीतून आलेल्या गोष्टींवर उभी आहे. युरिया वायूपासून होतो. हवेतला नायट्रोजन आणि मिथेनमधला हायड्रोजन जोडून अमोनिया करायची युक्ती सापडली नसती तर आज जगातल्या जवळपास निम्म्या माणसांना पुरेल एवढं अन्न पिकलं नसतं, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. पोटॅश खाणीतून येतं, स्फुरद खाणीतून येतं. पंपाच्या मोटरमध्ये तांबं आहे. माझ्या चकतीवरच्या वायरीतही आहे.

पण या उपकाराचीही दुसरी बाजू नाउरू नावाच्या बेटावर दिसते. पॅसिफिकमधलं जेमतेम २१ चौरस किलोमीटरचं बेट. त्यावर उत्तम प्रतीचं फॉस्फेट होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ते खरवडून ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या शेतांवर पसरलं गेलं. तिकडची कुरणं हिरवी झाली आणि इकडे बेटाच्या मधल्या बहुतेक सगळ्या भागात चुनखडीचे उघडे सुळके उरले. त्यांच्यावर शेत नाही, घर नाही, चालताही येत नाही. १९६८ मध्ये स्वातंत्र्य मिळालं, काही वर्षं पैसा आला आणि गुंतवलेला बुडाला. १९८९ मध्ये नाउरूनं ऑस्ट्रेलियाला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं आणि १९९३ मध्ये तडजोड झाली. एका शेताची सुपीकता दुसऱ्याच्या जमिनीतून ओरबाडून नेली, हे मला तिथल्या नुसत्या नकाशाकडे बघूनही कळतं आणि आत काहीतरी तुटतं.

पैशाच्या बाबतीत नॉर्वे शहाणा निघाला. तेल आणि वायू संपणारा आहे हे ओळखून १९९० मध्ये कायदा केला, १९९६ पासून निधीत पैसे टाकले आणि त्याच्या वाढीएवढंच, साधारण ३ टक्क्यांपर्यंत, वर्षाला खर्चायचं असं ठरवलं. पुढच्या पिढीची ठेव. भारतात २०१५ पासून खाणींच्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठानं आहेत. जुन्या पट्ट्यांच्या रॉयल्टीच्या ३० टक्के आणि लिलावानं दिलेल्या नव्या पट्ट्यांच्या १० टक्के एवढी रक्कम त्यांत जमा होते, आणि ती खाणीमुळे बाधित झालेल्यांसाठीच आहे. मला विचाराल तर त्या पैशांतला पहिला खर्च मोजणीवर व्हावा. दर गावात दोन विहिरी, एक पर्जन्यमापक, मातीचे नमुने आणि ते सगळं गावाच्याच ताब्यातल्या वहीत.

माणसांचा हिशेब यात सगळ्यांत अवघड. काकांच्या शेतापलीकडच्या त्या खाणीशेजारच्या गावात एक पोरगा मला फटफटीवरून सोडायला आला होता. खाणीत डंपर चालवायचा, ठेकेदाराकडे. वाटेत म्हणाला, "ताई, तुम्ही मोजून जाल. बापाच्या शेतानं मला काय दिलं? एक साल पिकायचं, दोन सालं नाही. बहिणीची फी या डंपरनं भरली." मला त्याला उलटून काही बोलता आलं नाही, आजही येत नाही. मी एवढंच विचारलं, खाण अजून किती वर्षं आहे? "वीस म्हणतात." तेव्हा तुझं वय किती असेल? तो पुढं बराच वेळ बोलला नाही. ज्या गावात शेतीनं पोट भरत नाही त्या गावाला 'शेती वाचवा' सांगणं सोपं असतं, सांगणाऱ्याला. म्हणून समतोलाच्या गोष्टीत मला नोकरीचा प्रश्नही तितकाच जड वाटतो: कायमची आहे की ठेक्यावरची, आणि खाण मिटल्यावर त्या माणसाच्या हातात दुसरं कुठलं कसब असेल.

आणि ज्यांच्या नावावर काहीच नाही त्यांचं काय? भरपाई कागदावरच्या नावाला मिळते. दुसऱ्याच्या रानात खुरपणाऱ्या बाया, खंडानं कसणारे, पडीक रानात शेळ्या चारणारे यांचं शेत कधी नव्हतंच, तरी गेलं ते त्यांचंच. २०१३ च्या भारतीय भूसंपादन कायद्यानं अशा माणसांनाही बाधित कुटुंबांत धरलं. आधीची तीन वर्षं त्या जमिनीवर पोट असेल तर. खाजगी कंपनीसाठी ८० टक्के कुटुंबांची संमती लागते असंही त्यात आहे. पण कोळशासाठी जमीन घेताना १९५७ चा वेगळा कायदा वापरता येतो आणि त्यात ही संमती लागत नाही. ज्या खनिजासाठी सर्वांत जास्त जमीन जाते तिथंच विचारायची गरज नाही, याला काय म्हणावं?

विचारलं तर काय होतं याचं उदाहरण ओडिशात आहे. नियमगिरी डोंगरावर बॉक्साइट. सर्वोच्च न्यायालयानं १८ एप्रिल २०१३ ला ठरवलं की तिथल्या ग्रामसभांनी ठरवावं. रायगडा आणि कालाहंडी जिल्ह्यांतल्या १२ ग्रामसभा बसल्या. डोंगरिया कोंध आदिवासी बायका-पुरुष उठून बोलले आणि बाराही ग्रामसभांनी नाही म्हटलं. तमिळनाडूत कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातल्या शेतकऱ्यांनी कोळशाच्या थरातल्या वायूला आणि पुढे २०१७ मध्ये नेडुवासलच्या हायड्रोकार्बन विहिरींना असाच विरोध केला. २०२० मध्ये राज्यानं तो भाग संरक्षित कृषी क्षेत्र म्हणून कायद्यानं राखून ठेवला. काही जमिनी अशा असतात की तिथं तोलायचंच नसतं. भाताचं कोठार, नद्यांचे उगम, ज्या डोंगराला देव मानतात तो डोंगर. सगळ्यालाच किंमत लावता येते या समजुतीतून बाहेर पडल्याशिवाय उरलेल्या जागी प्रामाणिक सौदा होणार नाही, असं माझं ठाम मत आहे. नाही म्हणायची मुभा असेल तरच हो म्हणण्याला अर्थ आहे.

मागच्या वर्षी मी एका वेगळ्या गावात गेले. तिथं खाण अजून नाही. नकाशावर एक चौकोन आहे, सर्वेक्षणाची गाडी दोनदा येऊन गेली आहे, एवढंच. गावात दोन तट पडलेले. एकाला खाण हवी, एकाला नको. मी दोघांनाही एकच सांगितलं: हवी असली तरी मोजा, नको असली तरी मोजा. गाडीतून माझी जुनी चकती काढली आणि बारावीतल्या एका मुलीच्या हातात दिली. आधी तिला वायर सरळ सोडता येईना, कडेच्या दगडांना घासायची. तिसऱ्या वेळी शिट्टी वाजली तशी ती दचकली आणि हसली. वर-खाली करून तिनं आकडा पकडला. आठ मीटर पासष्ट. कोऱ्या वहीच्या पहिल्या ओळीवर तारीख घालून लिहिला.

कठड्याशी तिची आजी उभी होती. "म्हणजे किती हात?" तिनं विचारलं.

मुलीनं बोटांवर हिशेब केला. "एकोणीस, आजी. थोडं वर."

"मागच्या साली याच दिवसांत सतरा होतं," आजी म्हणाली. "तुझा आजा होता तेव्हा पंधरा. दुष्काळाच्या साली एकवीस झालं होतं, तेवढंच."

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. पेन हातात तसंच होतं.

"तेही लिही," मी म्हटलं. "शेजारी आजीचं नाव घाल आणि आजची तारीख."